गुडघ्यांच्या झिजेसाठी ब्रेस: निवड, माप आणि वापर

खान्देशात कापसाची वेचणी सुरू झाली की ज्यांचे गुडघे आधीपासून झिजलेले आहेत त्यांचे दुखणे डोके वर काढते, आणि मग आठवडे बाजारातून किंवा औषधाच्या दुकानातून अंदाजाने एखादी नी-कॅप आणली जाते. ती सकाळी चढवून रात्रीपर्यंत घातली जाते, काही दिवसांत फरक पडला नाही की खुंटीला टांगली जाते. माझ्या मते यात दोष बहुधा साधनाचा नसतो; दुखणे सांध्याच्या कोणत्या भागात आहे हे न पाहता, माप न घेता आणि व्यायामाशिवाय ते वापरले गेलेले असते. ब्रेसमुळे, म्हणजे सांध्याला आधार देणाऱ्या पट्ट्यामुळे, झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) भरून येत नाही. योग्य माणसाला योग्य ब्रेस मिळाला, तर वेदना कमी होऊन त्याचे चालणे-फिरणे आणि काम टिकून राहते, आणि हेही कमी नाही.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असल्यामुळे ही तपासणी महागडीच असेल असे समजण्याचे कारण नाही. गुडघ्याचा एक्स-रे उभे राहून काढलेला असावा, कारण अंगाचा भार पायावर असतानाच दोन हाडांमधले अंतर खरे किती उरले आहे ते दिसते. झीज गुडघ्याच्या आतल्या बाजूला आहे, बाहेरच्या बाजूला आहे की वाटीच्या मागे आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. ब्रेसची निवड याच उत्तरावर ठरते.

साधी ताणणारी नी-कॅप गुडघ्याला ऊब आणि हलका दाब देते, त्यामुळे बरे वाटते आणि पाऊल टाकताना विश्वास येतो. मात्र ती सांध्यावरचा भार हलवत नाही. चढ-उतार करताना किंवा जिन्यावर वाटीच्या आजूबाजूला दुखत असेल, तर वाटीसाठी मोकळी जागा ठेवलेला आणि तिला बाजूने आधार देणारा ब्रेस घ्यावा. गुडघा मध्येच लचकतो, दगा देतो असे वाटणाऱ्यांना दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस लागतो. झीज प्रामुख्याने आतल्या बाजूला असून पाय धनुष्यासारखे बाकलेले असतील, तर भार बाहेरच्या बाजूकडे वळवणारा ‘अनलोडर’ ब्रेस उपयोगी ठरू शकतो, पण तो महाग आणि अवजड असतो, त्यामुळे तज्ज्ञांनी बसवून दिल्याशिवाय घेऊ नये. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ज्यांच्या चालण्यावर, सांध्याच्या स्थिरतेवर किंवा वेदनेवर झिजेचा मोठा परिणाम झाला आहे त्यांच्यासाठी गुडघ्याच्या ब्रेसची ठाम शिफारस आहे; उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या सूचना मात्र सरसकट ब्रेस देऊ नयेत, सांधा अस्थिर असेल किंवा भार चुकीच्या ठिकाणी पडत असेल आणि आधाराशिवाय व्यायाम जमत नसेल किंवा लागू पडत नसेल तरच द्यावेत, असे सांगतात. दोन्हींची भूमिका वेगळी असली तरी गुडघा दुखणाऱ्या प्रत्येकासाठी ब्रेस नाही, हे दोन्हींतून दिसते.

माप उघड्या पायावर, शिंप्याच्या टेपने घ्यावे. अनेक कंपन्यांच्या तक्त्यांत वाटीच्या मध्यापासून सुमारे १५ सेंटिमीटर वर मांडीचा घेर, तेवढेच खाली पोटरीचा घेर आणि वाटीवरचा घेर विचारलेला असतो. आपल्या ब्रेसच्या पाकिटावर जी जागा सांगितली असेल तीच धरावी. गुडघ्यावर सूज येते-जाते अशांनी सूज नेहमीइतकी असताना माप घ्यावे. दोन मापांच्या मध्ये अडकल्यास दुकानातच दोन्ही घालून थोडे चालून आणि खुर्चीवर बसून-उठून पाहावे.

घालताना खुर्चीच्या किंवा खाटेच्या कडेवर बसून गुडघा थोडा वाकवावा. वाटीची मोकळी जागा बरोबर वाटीवर आणि बिजागऱ्या दोन्ही बाजूंना गुडघा जिथे दुमडतो त्या पातळीवर आणाव्यात. पट्ट्यांचा क्रम माहितीपत्रकात दिलेला असतो. तो दिलेला नसेल तर आधी पोटरीवरचा पट्टा लावावा, कारण पोटरीच्या फुगवट्यावर पकड बसली की ब्रेस खाली घसरत नाही. “मावशी, पट्ट्याखाली दोन बोटे जाताहेत का?” हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारण्यासारखा आहे: बोटे जात नसतील तर पट्टा फार घट्ट आहे, सहज फिरत असतील तर सैल आहे. लुगड्याचा काष्टा किंवा सलवारीची चुणी गुडघ्यामागे ब्रेसखाली अडकू देऊ नये. त्या घडीवर दाब पडून कातडी सोलते. ब्रेस थेट कातडीवर किंवा पातळ सुती आवरणावर घालावा आणि कपडा त्यावरून सोडावा.

पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडा वेळ वाढवत जावे. तो दिवसभर घालायचा नसून दुखणे वाढवणाऱ्या कामासाठी घालायचा असतो: वेचणीसाठी, बाजाराच्या फेरीसाठी, बसथांब्यापर्यंतच्या चालीसाठी. रात्री झोपताना डॉक्टरांनी सांगितले नसेल तर काढावा. उकिडवे बसून निंदणी करताना मात्र ब्रेस गुडघ्यामागे गोळा होऊन रुततो. त्या वेळी तो काढून लहान स्टुलावर बसून काम करणे चांगले. वेचणीत कमरेची ओटी भरून वाहेपर्यंत न थांबता वरचेवर रिकामी केली, तर गुडघ्यांवरचा भारही कमी होतो.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. निओप्रीनचा (रबरासारख्या जाड कापडाचा) ब्रेस तेव्हा घामाने ओला होतो आणि घामोळे, पुरळ उठते. अशा दिवसांत जाळीदार कापडाचा ब्रेस घ्यावा, दुपारी काढून पाय पुसावा आणि मळलेला ब्रेस सौम्य साबणाने, गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. धातूच्या पट्ट्या आधी काढाव्यात. कडक उन्हात ताणाचे कापड लवकर जीर्ण होते.

व्यायामाशिवाय ब्रेसचा अर्धा फायदा वाया जातो. पाठीवर झोपून गुडघा सरळ ठेवत, मांडीचा स्नायू पाच ते दहा सेकंद आवळून सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावे. वजन जास्त असलेल्यांसाठी तर एक किलो वजन घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो, असे अभ्यासात आढळले आहे. काठी घ्यायची असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी होणारी झीज आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. भाकरी थापणे, धुणे पिळणे, बोंडातून कापूस ओढणे या साऱ्यांत अंगठाच राबतो. या सांध्यासाठी वरील अमेरिकन सूचनांमध्ये हाताच्या आधाराचीही ठाम शिफारस आहे. अंगठ्याचे मूळ स्थिर ठेवणारा, पण बाकीची बोटे मोकळी सोडणारा छोटा स्प्लिंट (आधारपट्टी) कामाच्या वेळी घालावा. पीठ मळताना ओला होऊ नये म्हणून तो काढून ठेवणे किंवा धुता येईल असा निवडणे सोयीचे.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी, पायाला रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी आणि शिरा फुगलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घट्ट ब्रेस वापरू नये. ब्रेस काढल्यावर उमटलेले वळ अर्ध्या तासात न जिरल्यास किंवा कातडी फुटल्यास माप बदलावे. पाऊल बधिर, गार किंवा निळसर होऊ लागले तर ब्रेस तत्काळ काढावा, आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ब्रेस घट्ट होता एवढ्यावर समाधान न मानता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण ते शिरेत रक्ताची गाठ झाल्याचे लक्षण असू शकते.