वेल्सच्या गावाकडे ऐसपैस घर घेताय? या चुका टाळा

पाच बेडरूम, हातभर जाडीच्या दगडी भिंती, दीड एकर जागा, मागे मेंढ्यांची कुरणं आणि किंमत साडेचार लाख पौंड. लंडनच्या बऱ्याच भागांत एवढ्यात दोन बेडरूमचा फ्लॅट मिळवताना दमछाक होते. कार्डिफ-स्वॉन्झीच्या इस्पितळांत नोकरी करणारी किंवा घरूनच काम करणारी आपली मंडळी पॉविस, कार्मार्दनशर, केरेडिगिऑनच्या जाहिराती चाळू लागतात ती याच हिशेबाने. हिशेब चुकीचा नाही. जाहिरातीत दिसतात त्या खोल्या बहुधा तशाच असतात. गोंधळ होतो तो फोटोत न येणाऱ्या गोष्टींत: पाणी, सांडपाणी, रस्ता, जमीन आणि कर.

पुण्याचा फ्लॅट हिशेबात न धरणं

इंग्लंडच्या स्टॅम्प ड्युटीच्या कॅल्क्युलेटरवर आकडा काढून बजेट बसवणारे पुष्कळ आहेत. वेल्समध्ये ती ड्युटी १ एप्रिल २०१८ पासून लागतच नाही. तिच्या जागी लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स आला आणि तो वेल्श रेव्हेन्यू ऑथॉरिटीकडे भरायचा असतो. राहण्याच्या एकमेव घराला पहिल्या २,२५,००० पौंडांवर काही नाही, तिथून ४ लाखांपर्यंत ६ टक्के, पुढे साडेसात लाखांपर्यंत ७.५ टक्के. पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला इंग्लंडमध्ये मिळते तशी वेगळी सवलत इथे नाही. साडेचार लाखांच्या घरावर कर झाला १४,२५० पौंड.

आता कोथरूडचा फ्लॅट. तुमच्या नावावर आणखी एखादं घर असेल तर वाढीव दर लागतात, आणि ते घर जगात कुठेही असलं तरी धरलं जातं. तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त भरली की झालं. नवरा-बायको इथे एकच धरतात, त्यामुळे ‘फ्लॅट हिच्या नावावर आहे’ हे उत्तर चालत नाही. ११ डिसेंबर २०२४ पासूनच्या वाढीव दरांनी त्याच साडेचार लाखांच्या घरावर ३६,२०० पौंड होतात, म्हणजे जवळजवळ २२,००० जास्त. एवढ्यात सगळं छप्पर नवं होऊ शकतं.

सुटका एका बाबतीत आहे. ब्रिटनमधलं राहतं घर विकून त्याच्या बदल्यात हे घेत असाल, तर पुण्याचा फ्लॅट असूनही साधा दर लागतो. जुनं घर नंतर विकलं तरी तीन वर्षांच्या आत विकल्यास जादा भरलेले पैसे परत मागता येतात. अडकतात ते आजवर भाड्याने राहिलेले आणि भारतात गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतलेले. आपल्यात हेच जास्त. म्हणून सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाला, पहिल्याच भेटीत भारतातली सगळी मालमत्ता सांगा, वडिलोपार्जित वाटासुद्धा. आई-वडील पैसे पाठवणार असतील तर त्यांची बँक स्टेटमेंट आणि पैसे भेट असल्याचं पत्र आधीच तयार ठेवा. पैसा कुठून आला हे सॉलिसिटर विचारणारच. भारतातून निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतच पाठवता येतात, हेही तारखा ठरवताना लक्षात असू द्या.

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे न विचारणं

स्वयंपाकघराचा ओटा बघण्यात अर्धा तास जातो आणि नळाला पाणी कुठून येतं हे विचारायचं राहून जातं. गावाबाहेरच्या बऱ्याच घरांना कंपनीची लाइन नसते. झरा किंवा बोअर, एक टाकी, एक फिल्टर आणि जंतू मारायला यूव्ही दिवा, अशी खासगी व्यवस्था असते. वाईट नाही, पाण्याला चवही छान असते. पण जबाबदारी सगळी मालकाची. अनेक घरांचा एकच झरा असेल तर कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, दर पाच वर्षांनी जोखमीची पाहणी करते. एकट्या घराचं पाणी मात्र कोणी मागणी केल्याशिवाय तपासत नाही. त्यामुळे ‘आम्ही तीस वर्षं हेच पितोय’ यावर न जाता ताजा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. जुन्या घरात शिशाच्या नळ्या असू शकतात, म्हणून जंतूंबरोबर शिसंही तपासायला सांगा.

झरा कोणाच्या जमिनीत आहे? शेजाऱ्याच्या असेल तर पाणी घेण्याचा आणि पाइप दुरुस्तीसाठी त्याच्या रानात जाण्याचा हक्क कागदावर हवा. तोंडी चालत आलेली व्यवस्था शेजारी बदलला की मोडते. उन्हाळ्यात पाणी टिकतं का, हेही विचारा. वेल्समध्ये आणि पाणी कमी, असं ऐकून हसू येईल, पण २०२२ च्या उन्हाळ्यात तिथे अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला होता.

सांडपाण्याचं प्रकरण याहून अवघड. सेप्टिक टँकची नोंद नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी संस्थेकडे असावी लागते. तिचा पुरावा विक्रेत्याकडे मागा. टाकीतून निघणारं पाणी शोषखड्ड्यात जातं की थेट ओढ्यात, आणि तो शोषखड्डा तुमच्या हद्दीत आहे की पलीकडच्या शेतात, हे नकाशावर दाखवायला सांगा. परवान्याशिवाय ओढ्यात सोडलेला पाइप निघाला तर तो आजच्या मालकाचा प्रश्न आहे. व्यवहार झाल्यावर तुमचा. घर बघायला जाल तेव्हा पाऊस पडून गेल्यावर जा. आवारात एकच पट्टा जास्त हिरवा आणि मऊ लागतोय, बाथरूमचं पाणी गुडगुड करत हळू उतरतंय, मागच्या दाराशी वास येतोय, यातलं काही जाणवलं की घराच्या साध्या सर्व्हेवर, म्हणजे तपासणीवर, थांबू नका, ड्रेनेजचा वेगळा माणूस बोलावून कॅमेरा घालून घ्या.

शिवाय ती टाकी किती माणसांची आहे? दोन म्हाताऱ्या माणसांच्या वापरावर वर्षानुवर्षं मुकाट चाललेली टाकी सहा जणांच्या कुटुंबाला पुरेलच असं नाही. त्यात आपल्याकडे गणपतीला वीस पाहुणे. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतणं आणि रोज ब्लीच टाकणं या शहरातल्या सवयीही तिथे सोडाव्या लागतात. तेलाने शोषखड्डा बुजतो आणि ब्लीचने टाकीतले कामाचे जिवाणू मरतात. टाकी बदलावी लागणार हे करारापूर्वी कळलं तर किंमत कमी करून घेता येते. नंतर कळलं तर फक्त बिल येतं.

दीड एकर म्हणजे साठ गुंठ्यांची बाग, असं समजणं

आपल्याकडे शेतजमिनीत मनाला येईल तसा बंगला बांधता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वेल्समध्ये जमीन घेताना तीच माणसं हे विसरतात. घराभोवतीचा तुकडा बाग असतो, त्यापलीकडचं घोड्या-मेंढ्यांचं कुरण बहुधा शेतजमीन असते. तिथे पाहुण्यांसाठी खोली किंवा मुलांसाठी खेळाचं पक्कं मैदान करायला प्लॅनिंगची परवानगी लागते. शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला मात्र लागत नाही, एवढा दिलासा आहे.

सातबाऱ्याच्या जागी तिथे लँड रजिस्ट्रीचा उतारा आणि लाल रेघेचा नकाशा असतो. ती रेघ साधारण हद्द दाखवते, इंचाइंचाची नाही. झुडपांचं कुंपण कोणाचं, दगडी बांध कोणी दुरुस्त करायचा, हे जुन्या खतांतून शोधावं लागतं. पिढ्यान्पिढ्या एकाच घराण्यात असलेल्या फार्महाउसची नोंदणीच झालेली नसते असंही आढळतं, कारण विक्रीनंतरची सक्तीची नोंदणी सगळीकडे लागू झाली ती १ डिसेंबर १९९० पासून. असं घर नाकारायचं कारण नाही. फक्त वेळ आणि सॉलिसिटरचं बिल दोन्ही वाढतात.

मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतची पाणंद कोणाची, हा पुढचा प्रश्न. शेजाऱ्याच्या मालकीची असेल तर वहिवाटीचा हक्क, तोही गाडीसकट, लिहिलेला हवा. आणि उलटही बघा: तुमच्याच अंगणातून सार्वजनिक पायवाट जात असेल तर रविवारी अनोळखी माणसं कुत्र्यासह तुमच्या खिडकीखालून जातील, आणि तो त्यांचा हक्क आहे. अशा वाटांचा अधिकृत नकाशा कौन्सिलकडे मिळतो.

शेजारच्या घरांपेक्षा किंमत ठळकपणे कमी दिसली तर लगेच हुरळू नका. बऱ्याचदा त्यामागे शेतीची अट असते. बांधकामाला परवानगी देतानाच ‘इथे शेतीत किंवा ग्रामीण उद्योगात काम करणाऱ्यानेच राहायचं’ अशी अट घातलेली असते आणि ती घराबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. कार्डिफच्या डॉक्टरला ते घर कितीही आवडलं तरी त्यात राहणं म्हणजे अटीचा भंग, आणि बँकाही अशा घराला कर्ज द्यायला नाखूश असतात. काही भागांत ‘स्थानिक माणसांनाच’ अशी अटही असते. आवडण्यापूर्वी कौन्सिलच्या साइटवर घराच्या परवानगीची जुनी फाइल उघडून बघा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असेल, मग ते एरेरी (स्नोडोनिया) असो की पेंब्रोकशरचा किनारा, तर ती फाइल कौन्सिलकडे नाही, उद्यानाच्या प्राधिकरणाकडे असते.

दगडी भिंतीला सिमेंट

जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात आणि ओल बाहेर टाकत राहतात. कोणी तरी दरजा सिमेंटने भरल्या, आतून प्लॅस्टिकचा रंग फासला, की ओल आत कोंडते. अशा घरात ‘ओल घालवून देतो’ म्हणत भिंतीत रसायन टोचायला येणाऱ्या ठेकेदाराला लगेच पैसे देऊ नका. आधी सिमेंट काढून चुना भरावा लागतो का ते जाणकाराला विचारा. घर संरक्षित यादीत असेल तर खिडकी बदलायलाही मंजुरी लागू शकते. मंजुरीविना केलेलं काम हा गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं काम पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकालाही येते. बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे. एवढ्या जुन्या घराला लेव्हल ३ चाच, म्हणजे सगळ्यात सखोल, सर्व्हे घ्या.

गॅसची लाइन बहुधा नसते. घर तापवायला तेलाची टाकी असते, आणि त्या तेलाला ऑफजेम या ऊर्जा नियामकाची किंमतमर्यादा लागू नाही. मागच्या दोन हिवाळ्यांची बिलं मागा. मोबाइलची रेंज आणि ब्रॉडबँड एजंटच्या शब्दावर सोडू नका. ऑफकॉम या दूरसंचार नियामकाच्या साइटवर बघा आणि घरात उभं राहून स्वतः फोन लावा.

शाळा आणि इस्पितळ नकाशावर मोजणं

पॉविस हा वेल्सचा साधारण चौथा हिस्सा, पण तिथे मोठं जिल्हा इस्पितळ एकही नाही. हेरेफर्ड, श्रूजबरी, अ‍ॅबरिस्टविथ, मर्थर अशा ठिकाणी जावं लागतं. सासू-सासरे सोबत राहणार असतील तर रात्रीच्या अंधारात ती वाट एकदा गाडीने करून बघा. रस्ता एकेरी, वळणांचा, मध्येच मेंढ्या.

मुलांसाठी मोफत शाळेची बस मिळते, पण अट आहे: प्राथमिकला दोन मैल, माध्यमिकला तीन मैल किंवा जास्त अंतर, आणि तेही जवळच्या योग्य शाळेसाठी. लांबची शाळा आपण निवडली तर ने-आण आपणच करायची. ग्विनेदसारख्या भागात प्राथमिक शाळा मुख्यतः वेल्श माध्यमाच्या आहेत. लहान मुलं ती भाषा पटकन उचलतात. नववीतल्या मुलाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो.

एक्स्चेंजची घाई

ऑफर मान्य झाली म्हणजे घर मिळालं असं नाही. करारांची अदलाबदल, म्हणजेच एक्स्चेंज, होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. अदलाबदलीला साधारण दहा टक्के इसार जातो आणि त्यानंतर माघार घेतली तर तो बुडतो. म्हणून पाणी, टाकी, पाणंद आणि शेतीची अट यांची उत्तरं लेखी येईपर्यंत सही करू नका, एजंट कितीही फोन करो. त्याची फी विक्रेता देतो.

घर टायवी, अस्क किंवा वायसारख्या नदीच्या काठी असेल तर नॅचरल रिसोर्सेस वेल्सच्या साइटवर पोस्टकोड टाकून पुराचा धोका बघा आणि विम्याचं कोटेशन त्याच आठवड्यात घ्या. १ जानेवारी २००९ पूर्वी बांधलेल्या घरांना फ्लड री या पूरविम्याच्या योजनेमुळे परवडणारा विमा मिळण्याची शक्यता असते, नंतरच्या घरांना ती योजना नाही. पॉलिसी चालू करायची ती किल्ल्या मिळतील त्या दिवशी नाही, एक्स्चेंजच्या दिवशी. नेहमीच्या करारात घराची जोखीम त्याच दिवसापासून खरेदीदाराकडे येते.