पुण्यात बदली झाली? शाळा आधी शोधा, दाखला शेवटी काढा

पुण्याची ऑर्डर निघाली की नातेवाइकांचे दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात: भाड्याच्या फ्लॅटच्या लिंक आणि 'पुण्यातल्या टॉप टेन शाळा'. दुसरा मेसेज न उघडता डिलीट करा. त्या यादीला तुम्ही वाघोलीत राहणार की बावधनला हे माहीत नसतं, आणि त्या शाळेच्या सहावीत जागा आहे का हे तर नसतंच. मी बँकेत आहे. नांदेड, रत्नागिरी, इंदूर, पुणे, पुन्हा बाहेर आणि पुन्हा पुणे अशी दोन मुलांना घेऊन फिरले. आता आमच्या शाखेत कुणाची इकडे बदली झाली की फोन मला येतो. फाईल, फोटो, आधारच्या झेरॉक्स वगैरे तुम्ही तयार ठेवालच, त्यामुळे त्यावर लिहीत नाही.

१. इयत्ता कोणती, ते आधी बघा

आठवीपर्यंत बोर्ड बदलता येतं. नववीत गेलेल्या मुलाचं बदलू नका. सीबीएसईत नववी-दहावी हा सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरतात, नोंदणी नववीत होते, आणि थेट दहावीत यायचं तर बोर्डाची परवानगी आणि बदलीची ऑर्डर लागते. अकरावी-बारावीचं तसंच. मूल नववी पास होऊन दहावीत जाणार असेल तर एकाने पुण्यात रुजू व्हावं आणि दुसऱ्याने मुलासोबत वर्षभर जुन्या गावी थांबावं, असं मी सरळ सांगते. ऐकून घरातली माणसं नाराज होतात, होऊ देत.

वेळापत्रकही वेगळं. सीबीएसई एप्रिलमध्ये सुरू होते, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला. आमच्या ऑर्डरी निघतात एप्रिल-मेमध्ये, म्हणजे स्टेट बोर्डाचं मूल सुट्टीत आरामात हलतं आणि सीबीएसईचं चालू वर्गातून उठून येतं.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी एक सांगते. 'आता पुण्यात आलोय' म्हणून सहावीतल्या पोराला थेट पूर्ण इंग्रजी माध्यमात लोटू नका. मध्यवस्तीतल्या जुन्या अनुदानित शाळांमध्ये सेमी इंग्रजीच्या तुकड्या असतात: गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. फी खिशाला झेपणारी, शिक्षक मुरलेले. नूमवि, रमणबाग, हुजूरपागा ही नावं १९व्या शतकापासून उगाच टिकलेली नाहीत. उलट इंदूर किंवा बंगळूरहून येत असाल तर मराठीची तयारी ठेवा, २०२० च्या कायद्याने इथे सगळ्याच बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे.

पहिलीत घालायचं असेल तर वय मोजा: राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण, केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चपर्यंत.

२. शाळा आधी, घर नंतर

एजंट उलटं सांगतो, कारण त्याला घर द्यायचंय. दोन-तीन शाळा नक्की करा आणि मग त्यांच्या आसपास घर बघा. नकाशावरचं अंतर पुण्यात काही कामाचं नाही. वाघोली ते खराडी, उंड्री ते कोंढवा, हिंजवडीतून बाहेर पडणं, हे रस्ते सकाळी एक असतात आणि रविवारी दुपारी, म्हणजे तुम्ही फ्लॅट बघायला येता तेव्हा, दुसरेच. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी स्वतः गाडी काढून बघा.

गेटवर गेलात की पालकांना विचारू नका, ते आपल्या निर्णयाचं समर्थन करत असतात. व्हॅनवाल्या काकांना गाठा. कुठली शाळा ऐनवेळी वेळ बदलते, कुठे निम्म्या टर्ममध्ये शिक्षिका सोडून जातात, कुठल्या सोसायटीतून मुलाला पावणेसहाला उठवावं लागतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. मला एकदा अशाच एका काकांनी चहा पिता पिता सांगितलं होतं, "मॅडम, धाकटीला नका घालू इथं, छोट्यांची बस वेगळी आहे आणि त्या बसला मावशी नसते." शाळेच्या चकचकीत माहितीपत्रकात हे नव्हतं. २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे मुली असलेल्या बसमध्ये बाई अटेंडंट लागते, हे ऑफिसात विचारल्यावर तिथल्या साहेबांचा चेहरा पडला.

दोन मुलं असतील तर दोघांच्या वेळा वेगवेगळ्या लिहून घ्या. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं २०२४ पासून सरकारने सांगितलंय, त्यामुळे थोरला सातला आणि धाकटी नऊला असं होऊ शकतं. दोन फेऱ्या कोण मारणार ते आजच ठरवा. मोठं मूल मेट्रोने जाऊ शकत असेल तर मात्र पर्याय बरेच वाढतात. वनाज-रामवाडी मार्गावर कुठेही राहून डेक्कनच्या शाळेत जाता येतं, आणि स्वारगेटपर्यंतचा मार्ग सुरू झाल्यापासून पेठाही जवळ आल्या आहेत.

३. पाटीवर काय लिहिलंय आणि कागदावर काय आहे

'सीबीएसई पॅटर्न', 'सीबीएसई करिक्युलम', 'सीबीएसई बेस्ड' या शब्दांना काही किंमत नाही. पुस्तकं सीबीएसईची, मान्यता राज्याची आणि संलग्नता अजून अर्जाच्या पातळीवर, अशा शाळा शहराच्या कडेकडेने बऱ्याच आहेत. सीबीएसईच्या सारस पोर्टलवर संलग्न शाळांची यादी आहे. त्यात शाळेचं नाव, पत्ता, कोणत्या इयत्तेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत संलग्नता, एवढं बघा. पत्ता नीट जुळवा. संस्थेच्या एका शाखेला संलग्नता असते आणि तुम्हाला दाखवतात दुसरी शाखा.

राज्याच्या मान्यतेसाठी ११ अंकी युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी यादीतला शाळेचा ओळख क्रमांक, मागा. पुणे जिल्ह्याचा २७२५ने सुरू होतो. क्रमांक सांगायला आढेवेढे घेतले तर उठा आणि बाहेर पडा. विनामान्यता शाळा चालवणं आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गुन्हा आहे, एक लाखापर्यंत दंड आहे, तरी दर वर्षी शिक्षण विभागाला अनधिकृत शाळांची यादी काढावी लागते.

४. फी आणि मुलाखत

प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा आईवडिलांची मुलाखत घेणं आरटीईच्या कलम १३ ने बंद आहे. 'इंटरॅक्शन' म्हणून घेतातच. शांतपणे जा, पण त्यावरून नकार आला तर लेखी मागा. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली आहे का आणि कोणत्या वर्षापासून लागू आहे, एवढे दोन प्रश्न पुरेत. एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. पावती मिळत नसेल तो पैसा देऊ नका.

५. दाखला

आता खरं काम. वरचं सगळं कुणीही चार दिवसांत उरकतं. माणूस रडकुंडीला येतो तो शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी (यालाच एलसी किंवा टीसी म्हणतात), आणि याबद्दल सगळीकडे एकच ओळ लिहिलेली असते: 'जुन्या शाळेतून टीसी घ्या.' कधी घ्या, कसा घ्या, घेण्याआधी काय बघा, हे कुणी लिहीत नाही.

पहिला नियम: नव्या शाळेचं प्रवेश निश्चितीचं पत्र हातात आल्याशिवाय जुन्या शाळेत दाखल्याचा अर्ज करायचा नाही. दाखला निघाला की मुलाचं नाव पटावरून कमी होतं. मग नव्या शाळेने 'सहावी फुल्ल झाली हो' म्हटलं तर मूल कुठल्याच शाळेत नसतं. नवी शाळा म्हणणार, "आधी ओरिजिनल एलसी आणा, मग बघू." ऐकायचं नाही. बोनाफाईड (मूल आमच्या शाळेत शिकतंय असं जुन्या शाळेचं प्रमाणपत्र), चालू वर्षाचं प्रगतिपुस्तक आणि बदलीच्या ऑर्डरची प्रत द्या आणि पत्र मागा. पत्रात इयत्ता, शैक्षणिक वर्ष, शाळेचा युडायस क्रमांक आणि 'दाखला अमुक तारखेपर्यंत सादर करावा' हे वाक्य हवं. बहुतेक शाळा देतात. जी देत नाही तिच्याकडे जागा पक्की नाही, एवढं समजून घ्या.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असाल तर कायदा तुमच्या बाजूला आहे. आरटीईचं कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला अशा शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. खासगी विनाअनुदानित शाळेला मात्र हे कलम दाखवून उपयोग नाही.

दुसरा नियम, आणि हा मी कुणालाही मोडू देत नाही: दाखल्याआधी बोनाफाईड काढा आणि अक्षर न् अक्षर वाचा. दोन्ही कागद एकाच जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीवरून, लिहिले जातात, त्यामुळे जी चूक बोनाफाईडवर दिसेल तीच दाखल्यावर येणार. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, जन्मगाव तालुक्या-जिल्ह्यासह, जात. मूल पटावर आहे तोवर मुख्याध्यापक शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन रजिस्टरमध्ये दुरुस्ती करू शकतात. मूल शाळा सोडून गेलं की ते दार जवळजवळ बंद होतं. दाखल्याच्या तळाशी छापलेलं असतंच की अनधिकृत बदल केल्यास कायदेशीर कारवाई होईल, म्हणजे पेनाने 'वि'चा 'वी' करायची सोय नाही.

बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्या. इंदूरच्या शाळेत माझ्या मुलीच्या नावात वडिलांचं नावच नव्हतं, नुसतं नाव-आडनाव, आणि आधारवर आपलं नेहमीचं तिहेरी नाव. आता शाळेच्या नोंदी आधारशी जुळवतात, त्यामुळे दोन्हीकडचं स्पेलिंग एकच करून मगच दाखला काढा. जातीची नोंद परराज्यातल्या टीसीवर पुष्कळदा नसतेच. पुढे जात पडताळणीला तो कागद लागतो, तेव्हा नोंद करून मागा, आणि नाहीच केली तर पूर्वीच्या महाराष्ट्रातल्या दाखल्याची प्रत जपून ठेवा.

राज्य बदलत असेल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. नवी शाळा मागेल की नाही याची वाट बघू नका. सामानाचा ट्रक निघायच्या आधी घ्या. पुण्यात बसून दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयातून सही मिळवणं म्हणजे तिथे राहिलेल्या शेजाऱ्यांच्या जिवाला घोर.

तिसरी गोष्ट नवी आहे आणि जुने लोक तिच्यात हमखास अडकतात. हातातला दाखला हे आता अर्धंच काम. मूल युडायस प्लस या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन यादीतही हलावं लागतं. जुन्या शाळेने तिकडे 'दाखला घेऊन गेला' अशी नोंद केली की मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे त्याच पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, जातं आणि नवी शाळा पेन क्रमांक आणि जन्मतारीख टाकून त्याला आपल्याकडे ओढून घेते. पेन म्हणजे मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक. जुन्या शाळेने हे केलं नाही तर नव्या शाळेचा क्लार्क काहीही करू शकत नाही.

आमच्या बाबतीत एका शाळेने दाखला दिला, पेढेही खाल्ले, आणि ऑनलाइन नाव तसंच ठेवलं. पटसंख्या कमी दिसू नये हा हिशोब असावा. इकडे मुलगा रोज वर्गात बसतोय आणि यादीत नाही, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येईना. नव्या शाळेतला क्लार्क भला होता. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, मुलाच्या नावापुढे अजून जुन्या शाळेचंच नाव होतं. त्या स्क्रीनचा फोटो, दाखल्याची प्रत आणि अर्ज असं जुन्या गावच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना ईमेल केलं, एक प्रत मुख्याध्यापकांना. मुख्याध्यापकांना केलेल्या फोनांनी जे झालं नव्हतं ते या ईमेलने झालं. म्हणून दाखला घेताना क्लार्कच्या टेबलासमोर उभं राहूनच ड्रॉपबॉक्स करून घ्या आणि पेन क्रमांक दाखल्याच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. "उद्या करतो मॅडम" याचा अर्थ दिवाळीनंतर.

फी थकली म्हणून दाखला अडवतात. नवं सत्र सुरू व्हायच्या आत अर्ज केला तर पुढच्या टर्मच्या फीचा वाद निम्मा मिटतो. अर्जाच्या प्रतीवर पोच आणि तारीख घ्याच.

६. पुण्यात आल्यावर

दाखला जमा करण्याआधी रंगीत स्कॅन आणि चार साक्षांकित प्रती करा. मूळ प्रत शाळा ठेवून घेते. नव्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद पहिल्या आठवड्यात बघून घ्या, कारण क्लार्क घाईत दाखल्यावरून उतरवताना चुकतो आणि पुढचा दाखला त्याच नोंदीवरून निघणार असतो. त्यासाठी पुन्हा बोनाफाईड मागा. कारण विचारलं तर बँकेत खातं उघडायचंय म्हणा.