बिअरच्या पिंपात मुरलेली जपानी व्हिस्की कशी चाखावी

माल्ट व्हिस्कीची सुरुवात बिअरसारखीच होते. सातूचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, भरडायचा, गरम पाण्यात त्यातली साखर उतरवायची, यीस्ट घालून आंबवायचं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, ते मात्र घालायचे नाहीत. ते आंबवण पुढे भट्टीवर चढतं. व्हिस्की शेवटचा काही काळ बिअरच्या पिंपात ठेवली, की राहून गेलेले हे हॉप्स लाकडातून तिच्यात उतरतात. चाखताना शोधायचे ते हेच, आणि पहिल्या घोटात ते सहसा सापडत नाहीत.

टोकियोजवळच्या सायतामा प्रांतात, चिचिबू इथे इचिरो आकुतो यांची डिस्टिलरी २००८ पासून चालू आहे. तिथली रिकामी पिंपं जपानमधल्या छोट्या ब्रुअरींकडे जातात, त्यांत बिअर मुरते आणि पिंपं परत व्हिस्कीसाठी येतात. नागानोतल्या मार्स शिनशू डिस्टिलरीच्या आवारात तर मिनामी शिनशू बिअरही बनते. त्यांच्या कोमागाताके व्हिस्कीचीही आयपीए कास्क फिनिश बाटली निघाली आहे, म्हणजे शेवटी आयपीए या भरपूर हॉप्सच्या बिअरच्या पिंपात ठेवलेली.

आधी लेबल वाचा. पिंपात आयपीए होती की स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर, हे पाहा. आयपीए असेल तर लिंबूवर्गीय साल, ओलं गवत आणि कडवटपणा शोधायचा. स्टाउट असेल तर कॉफी, कोको, भाजलेलं धान्य. मग अल्कोहोलचा आकडा. चिचिबूची २०१७ ची आयपीए कास्क फिनिश ५७.५ टक्क्यांची आहे. अशी बाटली नेहमीच्या पेगसारखी ओतू नका, माणशी २० मिली भरपूर झाली. आणि त्यानंतर गाडी चालवायची नाही.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा. वाइनचा छोटा ग्लासही चालतो. बर्फ नको. थंडीने वास दबतो आणि कडवटपणा तेवढा पुढे येतो. मी पहिल्या वेळी बर्फ घातला होता आणि शेजारी शेव-चिवडा होता. हाती आला तो नुसता कडूपणा, आणि एक चांगली व्हिस्की मी उगाच नापास केली. आता चाखण्याआधी तासभर तिखट काही खात नाही.

ओतल्यावर दहा मिनिटं ग्लास तसाच राहू द्या. मग तोंड किंचित उघडं ठेवून, ग्लास नाकापासून जरा लांब धरून हुंगा. नाक आत खुपसलंत तर अल्कोहोल झोंबेल आणि पुढची पाच मिनिटं दुसरं काही कळणार नाही. जो वास येईल त्याला आपल्याच घरातलं नाव द्या. पुस्तकांत ग्रेपफ्रूट लिहिलेलं असतं. मला विचाराल तर तो सोललेल्या पपनसाचा वास आहे, सालीखालच्या पांढऱ्या कडसर गरासकट.

पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, त्यावर मत बनवू नका. दुसरा छोटा घोट पाच-सहा सेकंद तोंडात घोळवा आणि गिळा. आता थांबा. आधी मध, व्हॅनिला, माल्टचा गोडवा येतो. तो ओसरला की जिभेच्या मागच्या बाजूला हॉप्सचा कोरडा कडवटपणा उठतो, ग्लास खाली ठेवल्यानंतर. बिअरचं पिंप खरं बोलतं ते इथे, म्हणून दोन घोटांत निदान दोन मिनिटं जाऊ द्या.

मग पाणी. ५७.५ टक्क्यांच्या २० मिलीत ५ मिली, म्हणजे एक चमचा साधं पाणी घातलं की अल्कोहोल ४६ टक्क्यांवर येतं. झोंबणं कमी होतं आणि फळांचा वास मोकळा होतो. पाणी थेंबाथेंबाने घाला, जास्त पडलं तर काढता येत नाही.

जमलं तर त्याच डिस्टिलरीची साधी व्हिस्की शेजारी ठेवा. तुलनेशिवाय पिंपाचं देणं कोणतं आणि मूळ व्हिस्कीचं कोणतं, हे सांगणं अवघड आहे. जपानी बाटल्या महाग आणि दुर्मीळ असतात, तेव्हा सराव आयरिश जेमसनवर करता येतो: एका ग्लासात साधी, दुसऱ्यात स्टाउटच्या पिंपातली कास्कमेट्स. ग्लास दुसऱ्या कुणाला तरी भरायला सांगा, तुम्हाला न दाखवता.

शेवटी रिकामा ग्लास लगेच विसळू नका. अर्ध्या तासाने पुन्हा हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, आणि तळाशी सुकलेल्या थेंबात लाकूड, माल्ट आणि हॉप्स वेगवेगळे ओळखू येतात.