उष्ण-दमट हवेत झाड निवडताय? या चुका टाळा

झाड बहुतेक वेळा ऐन फुलावर असताना मनात भरतं. रस्त्याच्या कडेला गुलमोहर पेटलेला दिसतो, आणि तो आपल्या फाटकाशी हवाच असं वाटू लागतं. पण झाडाच्या वाट्याला वर्षाचे बारा महिने येतात. त्यातला सलग पावसाचा आणि वाऱ्याचा आठवडा कसा जातो आणि कोरड्या हंगामाचा शेवटचा महिना कसा जातो, या दोन गोष्टींवर झाड टिकणार की नाही ते ठरतं. माझा आग्रह एवढाच आहे की झाड निवडताना आधी हे दोन कठीण काळ डोळ्यांसमोर आणा आणि फुलांचा विचार त्यानंतर करा.

"दमट" हा एकच शब्द सगळीकडे लावणे

पहिली चूक रोप आणण्याच्याही आधी होते. हवामानशास्त्राच्या कोपेन वर्गीकरणात ज्या प्रदेशात सर्वांत थंड महिन्याचंही सरासरी तापमान १८ अंशांच्या खाली जात नाही, तो उष्णकटिबंधीय समजतात. पण त्याच्या पोटात बराच फरक आहे. काही ठिकाणी दर महिन्याला निदान ६० मिलिमीटर पाऊस पडतोच, तर काही ठिकाणी सगळा पाऊस चार-पाच महिन्यांत कोसळून जातो आणि उरलेलं वर्ष कोरडं जातं. दोन्ही जागा "उष्ण आणि दमट"च म्हणवतात. बारमाही पावसाच्या जंगलातलं झाड दुसऱ्या ठिकाणी लावलं तर पावसाळ्यात ते जोमाने वाढतं आणि कोरड्या हंगामात शेंड्याकडून वाळत येतं. ताम्हण, पांगारा, सावर ही झाडं मात्र कोरड्या दिवसांत पानं उतरवून पाणी वाचवतात. नवख्या माणसाला निष्पर्ण ताम्हण मेल्यासारखा वाटतो आणि तो आळ्यात बादल्या ओतत सुटतो. नखाने फांदीची साल जराशी खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर झाड विश्रांती घेतंय.

समुद्राजवळ आणखी एक फसगत होते. हवेत इतका ओलावा असतो की कपडे वाळत नाहीत, म्हणून मातीतही ओल असेल असं आपण धरून चालतो. वाळूत पाणी टिकत नाही. पानांवर दमट हवा आणि मुळांशी कोरडी वाळू अशी स्थिती तिथे महिनोन् महिने असते, वर खारा वाराही असतो. उंडी, करंज, पारोसा भेंडी ही झाडं मुळात किनाऱ्यावरचीच, त्यामुळे त्यांना हे नवं नाही.

आंबा फळतो खरा, पण त्याला मोहोर धरायला थोडी थंड, कोरडी विश्रांती लागते. वर्षभर पाऊस असलेल्या जागी आंब्याचं झाड दाट हिरवं आणि डौलदार होतं, पण फळ तुरळक येतं आणि आलेल्या मोहोरावर बुरशी बसते. सावली हवी असेल तर तिथेही आंबा उत्तम. फळाच्या आशेवर मात्र लावू नका.

दुसऱ्या हवामानातला फोटो

सफरचंद, चेरी, प्लम या झाडांना हिवाळ्यात शेकडो तास साधारण ७ अंशांखालची थंडी मिळाल्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत. ऑलिव्ह आणि उंच सडपातळ इटालियन सायप्रस ही भूमध्य समुद्राच्या आसपासची झाडं. तिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. गरम माती आणि त्यात साचलेलं पाणी हा मुळं कुजवणाऱ्या बुरशीचा आवडता मेळ, आणि या झाडांची त्याच्याशी कधी गाठच पडलेली नसते. वाळवंटी झाडांचंही तेच. "कमी पाण्यावर जगतं" याचा अर्थ जास्त पाणी सोसतं असा होत नाही. रोहिडा दुष्काळ काढतो, पण चिकण मातीत साचलेलं पावसाचं पाणी त्याला सोसत नाही.

याच्या उलटंही घडतं. परदेशी झाडाला दमट हवा फारच मानवते आणि ते हाताबाहेर जातं. आफ्रिकेतून आलेला स्पॅथोडिया, म्हणजे पिचकारी, आणि मध्य अमेरिकेतलं सुबाभूळ ही दोन्ही जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत. यांची रोपं फुकट मिळाली तरी घेऊ नका.

"लवकर वाढणारं द्या"

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक ही. चार वर्षांत सावली हवी असते, म्हणून आपण भराभर वाढणारं झाड मागतो. भराभर वाढणाऱ्या बहुतेक झाडांचं लाकूड हलकं असतं, फांद्या लांब आणि ठिसूळ असतात. ओल्या पानांचं वजन आणि वादळी वारा एकत्र आले की त्या मोडतात. गुलमोहर मादागास्करच्या कोरड्या पानगळी जंगलातला. त्याची मुळं वरवर पसरतात आणि छत्री रुंद असते. पावसाने माती मऊ झाली की तोल जातो आणि झाड मुळांसकट आडवं होतं. मी असा एक पडलेला गुलमोहर जवळून पाहिलाय. एवढ्या मोठ्या झाडाचा मुळांचा गड्डा ताटासारखा चपटा होता, आणि ज्या बाजूला फरसबंदी होती तिकडे मुळं जवळजवळ नव्हतीच. मोकळ्या मैदानात, घरापासून दूर, गुलमोहर जरूर लावा. गाड्या उभ्या राहतात तिथे आणि भिंतीलगत नको. रेन ट्रीसारख्या अवाढव्य झाडाचीही हीच गत. त्याचा विस्तार ३० मीटरपर्यंत जाऊ शकतो.

१९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर आणि पुढच्या अनेक वादळांनंतर फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी वस्त्यांमधली कोणती झाडं पडली आणि कोणती उभी राहिली याच्या नोंदी केल्या. त्यांचे निष्कर्ष कुठल्याही वादळी, दमट प्रदेशात उपयोगी पडतात. एकट्या झाडापेक्षा घोळक्यातली झाडं जास्त तगली. ज्यांच्या मुळांना पसरायला भरपूर माती होती ती तगली. लहानपणापासून नीट छाटणी झालेली झाडंही जास्त तगली. म्हणजे झाडाची जात निवडण्याइतकंच त्याची जागा आणि त्याची सोबत निवडणंही महत्त्वाचं आहे. तीन झाडं तीन कोपऱ्यांत विखरून लावण्यापेक्षा, जागा असेल तर, चार-पाच मीटरच्या अंतराने एकत्र लावा.

घराजवळ बकुळ लावा असं मी नेहमी सांगतो. बकुळ सावकाश वाढते, लाकूड जड आणि घट्ट असतं, पानं बारमाही असतात, आणि फुलं सुकल्यावरही वास सोडत नाहीत. पहिली पाच-सहा वर्षं धीर धरावा लागतो. तोवर सावलीसाठी मधल्या जागेत शेवगा किंवा केळ लावा आणि बकुळ मोठी झाली की हा शेवगा किंवा केळ काढून टाका.

पाणी कुठे साचतं ते न पाहणे

मुसळधार पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने आवारात एक फेरी मारा. कुठल्याही पुस्तकापेक्षा ती फेरी जास्त शिकवते. मग झाड लावायच्या जागी फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा करा. एकदा पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी तासाला किती उतरते ते मोजा. अडीच सेंटीमीटर किंवा जास्त उतरत असेल तर निचरा ठीक आहे. त्याहून कमी असेल तर झाडाची यादी बदला. बहावा तिथे नको. अर्जुन मूळचा नदीकाठचा, समुद्रफळ आणि जांभूळ पाण्यात पाय बुडवून उभे राहणारे. ताम्हणही ओलाव्याला सरावलेला.

खड्ड्याची एक जुनी सवय इथे नडते. चिकण मातीत किंवा कातळासारख्या मुरमात खोल खड्डा खणून तो शेणखत आणि पोयट्याने गच्च भरतात. सभोवतालची जमीन पाणी पित नाही, म्हणून खड्ड्याची बादली होते आणि मुळं त्या बादलीत गुदमरतात. त्यापेक्षा खड्डा उथळ आणि रुंद ठेवा, त्यात तिथलीच माती परत भरा आणि खत वरून आच्छादनाबरोबर द्या. तसंही झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात. निचरा फारच वाईट असेल तर फूटभर उंच आणि चांगला रुंद उंचवटा करून त्यावर झाड लावा.

नर्सरीत घाई

"अशोक द्या" म्हटलं की हातात सरळसोट, लांब पानांचं झाड येतं. तो आसुपालव, म्हणजे खोटा अशोक. केशरी गुच्छांचा सीतेचा अशोक पूर्ण वेगळा आहे. त्याला ओल आणि थोडी सावली मानवते, म्हणून दमट हवेतल्या घरामागच्या अंगणासाठी तो फार सुंदर. पानं आणि नाव दोन्ही ताडून मगच घ्या. सप्तपर्णीचा वासही आधी अनुभवा. पावसाळा सरल्यावर रात्री तो इतका उग्र होतो की अनेकांना खिडकीशी सोसवत नाही.

रोप उंच दिसलं म्हणून घेऊ नका. ते त्याच पिशवीत फार दिवस राहिलं असेल तर मुळं आतल्या आत गोल फिरलेली असतात. लावल्यावरही ती तशीच फिरत जाड होतात आणि दहा-बारा वर्षांनी खोडाला फास बसतो. पिशवी सरकवून मुळं बघायची परवानगी मागा. बाहेरून गुंडाळलेली मुळं लावताना कापून मोकळी करा. खोड जमिनीशी जिथे रुंद होतं तो भाग उघडा दिसायला हवा. मातीत पुरलेली साल दमट हवेत हमखास कुजते, म्हणून पालापाचोळ्याचं आच्छादनही खोडापासून वीतभर लांब ठेवा. आधाराची काठी सैल बांधा आणि वर्षभरात काढून टाका. वाऱ्यात हललं तरच खोड जाड होतं.

सगळी झाडं एकाच जातीची लावणं टाळा. अमेरिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये शहरांसाठी सुचवलं होतं की एका जातीची झाडं १० टक्क्यांहून, एका प्रजातिगटाची (म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींची मिळून) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त नसावीत. घराच्या आवारात हा हिशोब तंतोतंत जमणार नाही, पण सहा झाडं लावायची असतील तर निदान चार जाती असू द्या. दमट हवेत रोग एका झाडावरून शेजारच्या झाडावर झपाट्याने जातो.

लावून झालं, आता बिघडतंय

भर पावसात पानं पिवळी पडून गळत असतील तर खत घालू नका. बुंध्याजवळ वीतभर खोल उकरून मातीचा वास घ्या. कुजकट वास आला तर मुळांना हवा मिळत नाही. चर खणून पाणी बाहेर काढा, आळं मोडा.

फांदीवर गुलाबी-पांढरा थर आणि पुढचा भाग वाळत चाललेला दिसला तर ती पावसाळ्यातली बुरशी आहे. रोगट भागाच्या वीत-दीड वीत खाली फांदी कापा, कापलेलं जाळून टाका आणि जखमेला बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचं प्रमाण. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नका.

वाऱ्याने कललेलं मनगटाएवढ्या खोडाचं झाड माती ओली असतानाच सरळ करून आधार दिला तर सावरतं. मोठं झाड कललं आणि एका बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसली तर मुळं तुटलेली आहेत. त्याच्याखाली कोणाला उभं राहू देऊ नका आणि लगेच जाणकाराला बोलवा. भीतीपोटी शेंडा छाटणं हा उपाय नाही. छाटलेल्या टोकापासून कूज आत शिरते आणि तिथून फुटलेल्या नव्या फांद्या वरवरच चिकटलेल्या असतात. दोन-तीन पावसाळ्यांत झाड पूर्वीपेक्षा धोकादायक होतं.

बुंध्याशी पंख्यासारखी, लाकडासारखी कडक बुरशी उगवली असेल तर ती काढून टाकल्याने काही होत नाही. ती दिसते तेव्हा आतलं लाकूड बरंच कुजलेलं असतं, वरून पानं हिरवीगार असली तरी. लाकडी हातोडीने खोडावर ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो का ते ऐका, आणि झाड पडलं तर कोणत्या बाजूला पडेल हे पाहून तिथली गाडी आणि पाळणा त्याच दिवशी हलवा.