दावा जिंकल्यावर वकिलाची फी वसूल कशी करायची

‘केस जिंका, सगळा खर्च समोरचाच देईल,’ असं इंदूरच्या कोर्टाबाहेर कोणीही सांगतं. ऐकू नका. मिळतो तो डिक्रीत, म्हणजे निकालावरून निघणाऱ्या कोर्टाच्या हुकुमात, लिहिलेला खर्च, आणि तो लिहून घ्यायची तयारी निकालाआधी करावी लागते.

दाव्याच्या मागणीत ‘खर्चासह’ हा शब्द हवाच. नोटीस, टायपिंग, साक्षीदारांना आणणं, सगळ्याच्या पावत्या जपा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०-अ मध्ये हे खर्च धरलेले आहेत.

आता फी. रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्याचा भाडेकरूवरचा दावा आम्ही जिंकलो, तेव्हा मी इथेच फसलो. आपल्याकडे निकालाच्या शेवटी हिंदीत एक ठरलेली ओळ असते: अभिभाषक शुल्क (वकिलाची फी) प्रमाणित असेल तर ते, किंवा सूचीप्रमाणे (कोर्टाच्या नियमांतल्या फीच्या तक्त्याप्रमाणे), जे कमी असेल ते जोडावं. आमच्या वकिलांनी फीचं प्रमाणपत्र, म्हणजे किती फी मिळाली ते लिहून दिलेला कागद, कोर्टात दिलंच नव्हतं. डिक्रीखालच्या व्यय तालिकेत (खर्चाच्या तक्त्यात) कोर्ट फीचा आकडा होता आणि अभिभाषक शुल्कापुढे ‘निरंक’, म्हणजे शून्य. सहा वर्षं फी भरली होती, हातात एक रुपयाही आला नाही.

म्हणून अंतिम युक्तिवादाच्या तारखेलाच वकिलांकडून सही-तारखेचं प्रमाणपत्र घ्या, फाइलला लागलेलं स्वतः डोळ्यांनी बघा. ‘नंतर लावू’ म्हणाले तर मान्य करू नका. फी रोख दिली असेल तर पावती मागायला संकोच कशाला? आणि ‘जे कमी असेल ते’ विसरू नका: वकिलांना लाख दिले असले तरी सूचीत कमी असेल तर तेवढंच मिळणार. हे ज्याने त्याने आधीच मनाशी धरावं.

‘दोन्ही पक्षांनी आपापला खर्च सोसावा’ असा आदेश झाला, तर त्याची कारणं निकालात लिहिलेली आहेत का ते पाहा. कलम ३५ प्रमाणे जिंकलेल्याला खर्च नाकारताना कारण लेखी द्यावं लागतं. अपिलात हा मुद्दा घेता येतो. समोरच्याने खोटी बाजू मांडली म्हणून कलम ३५-अ खाली वेगळी भरपाई मिळते, पण ती जास्तीत जास्त ३००० रुपये. तिच्यावर आशा ठेवू नका.

डिक्रीची नक्कल काढा, तालिकेतली बेरीज तपासा. लिहिण्यातली चूक असेल तर कलम १५२ खाली अर्ज द्या.

पैसे आले नाहीत तर इजरा, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावा. मुदत १२ वर्षांची आहे, पण समोरच्याचं दुकान आणि बँक खातं जागेवर आहे तोवरच लावा.