सेवा करायचीय पण सुरुवात कुठून करू? नाशिककर ख्रिस्ती मंडळींसाठी

जय ख्रिस्त मंडळी. नाताळ जवळ आला की प्रत्येक तरुण संघात एकच प्रस्ताव येतो, ब्लँकेट वाटूया. वाईट काहीच नाही त्यात, नाशिकची थंडी काय चीज आहे ते रात्री सीबीएस बसस्टँडच्या बाहेर झोपणाऱ्याला विचारा. पण डिसेंबरात एकाच फूटपाथवर एकाच माणसाला दोन-तीन ग्रुप ब्लँकेट देऊन जातात, आणि जुलैत तोच माणूस पावसात भिजत असतो तेव्हा कोणी फिरकत नाही. म्हणून माझं सरळ मत आहे, वाटपाने सुरुवात करूच नका. एक जागा धरा, आठवड्यातला एक वार धरा, आणि तो वर्षभर मोडू नका.

जागा कुठली? मला विचाराल तर सिव्हिल हॉस्पिटल. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून पेशंट येतो, सोबत एकच नातेवाईक, त्यालाच केसपेपर काढायचा, एक्सरेच्या लाईनीत उभं राहायचं, रक्तासाठी पळायचं, आणि पेशंटला एकटं टाकून जाता येत नाही म्हणून तो स्वतः दुपारपर्यंत उपाशी. इथे पैशापेक्षा माणूस लागतो. आधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना नाहीतर वॉर्डच्या सिस्टरला भेटा, काय करायचंय ते सांगा, परवानगी घ्या. दोघं-दोघं जा, येशूने पण शिष्यांना दोघं-दोघंच पाठवलं होतं, आणि बायकांच्या वॉर्डात आपल्या ताया-मावश्याच जाऊ देत. मग फक्त एवढं म्हणायचं, "मावशी, तुम्ही जेवून या, तोवर मी बसते इथं." सुरुवातीला लोक संशयाने बघतात, त्यात त्यांचं काय चुकलं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला तोच चेहरा परत दिसला की बोलायला लागतात. पेशंटला मात्र सिस्टरला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नाही, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेला असू शकतो.

दुसरं काम कागदांचं. मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड लागतं, आधार लागतं आणि ते नेमकं गावी पेटीत राहिलेलं असतं, मग गावात कोणाकडे फोन आहे ते शोधा, फोटो मागवा, हॉस्पिटलात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रापर्यंत माणसाला स्वतः घेऊन जा, नुसतं "तिकडे विचारा" म्हणू नका. फॉर्म भरणं म्हणजे किरकोळ सेवा असं वाटणाऱ्यांनी आपल्या नाशिकमधल्या शरणपूरचा इतिहास आठवावा. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथे मिशनमध्ये शिकली, त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनसोबत होता, आणि लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्या सामानाची यादी कोणी लिहिली? जेकबनेच, कारण त्याला लिहिता येत होतं. १८७४ला तो शवपेटीसोबत इंग्लंडपर्यंत गेला. त्याचं नाशिकचं शिक्षण असं कामी आलं, तुमचं ग्रॅज्युएशन एका फॉर्मला तरी कामी येऊ द्या.

रक्ताचंही बघा. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांत, ब्लडग्रुपची यादी करा, पुरुष ९० दिवसांनी आणि बायका १२० दिवसांनी परत देऊ शकतात, म्हणून शेवटची तारीख पण लिहा नाहीतर दर वेळी त्याच चार पोरांना फोन जातो.

आता नाजूक विषय. जेवणाच्या डब्यासोबत पत्रकं देऊ नका, प्लीज. आजारी माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथे दिलेली गोष्ट सौदा होते. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या नजरेत परका. बाकीचे नऊ कुठे असं येशूने विचारलं जरूर, पण त्यांचं बरं होणं काढून नाही घेतलं. कोणी स्वतःहून "प्रार्थना करा" म्हणालं तर हळू आवाजात करा, शेजारच्या खाटेवरचा झोपलेला असतो. फोटो? अजिबात नाही. उजवा हात देतो ते डाव्या हाताला कळू नये असं येशूने म्हटलंय आणि आपण स्टेटसला टाकतो 😅

सिव्हिल जमत नसेल तर आपल्याच मंडळीत डोकवा. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय, रोजच्या वाटपात विधवांचा एक गट सुटत होता म्हणून सात जण खास नेमले गेले. आपल्याकडे कोण सुटतंय? चर्चला यायचं बंद झालेल्या आजी. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पोरांनो हे तुमचं काम. अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर पाठीला जखमा होतात, घरातली सून हे एकटीच दिवसरात्र करत असते, तिला एक दुपार मोकळी करून द्या. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी बघायला आपण पुढच्या बाकावर बसतो, तसं आजोबांची पाठ पुसायलाही या की.

पैसे थोडेच लागतात, रिक्षा, झेरॉक्स, चहा-बिस्कीट, पण हिशोब दोघांनी ठेवा आणि महिन्याला मंडळीसमोर वाचा. शिष्यांची पिशवी एकट्या यहूदाकडे होती, तो त्यातलं चोरायचा असं योहानाने लिहून ठेवलंय.

आणि बदली माणूस आधीच ठरवा. तुम्ही आजारी पडाल, द्राक्षाच्या सीझनला निफाड-दिंडोरीकडचे मेंबर गायब होतात, लग्नसराई असते. २०२७ला सिंहस्थ कुंभमेळा आहे, पर्वणीला, म्हणजे स्नानाच्या मोठ्या दिवशी, रस्ते बंद असतात, तेव्हा सिव्हिलला चालत जाता येईल अशा घरांची नावं आत्ताच काढून ठेवा.