टूरला न्यायला छोटा झूमवाला कॅमेरा घ्यायचाय? आधी काळवीट किती लांब उभंय ते सांगा

आमचे दाजी रेल्वेतनं रिटायर झाले आणि पहिल्याच महिन्यात घरी येऊन म्हणाले, राजस्थानची टूर बुक केलीये, बारा दिवसांची, ताईला पण नेतोय, मोबाईलमध्ये लांबचं काही नीट येत नाही तर खिशात मावेल असा झूमचा कॅमेरा सांग. आणि चहा यायच्या आत पुढचा प्रश्न, "किती एक्सचा घेऊ, ३० का ४०?" जणू तूरडाळ किती किलो बांधू असं विचारतायत.

मी म्हटलं दाजी, एक्स राहू द्या बाजूला, तुम्हाला फोटो कशाचा काढायचाय आणि ते तुमच्यापासून किती लांब असणारे, तेवढं सांगा. गप्पच बसले. बहुतेक लोक इथंच गप्प बसतात आणि मग दुकानदार जो डबा पुढं सरकवतो तो घेऊन येतात.

तर आधी हा एक्स म्हणजे काय ते. कॅमेऱ्याची लेन्स सगळ्यात रुंद जिथं सुरू होते आणि सगळ्यात लांब जिथं संपते, त्या दोन आकड्यांचा भागाकार, बास. २४ एमएमला सुरू होऊन ९६० ला संपली की ४० एक्स, ७२० ला संपली की ३० एक्स. आता एखादा कॅमेरा २८ ला सुरू होऊन ७०० ला संपत असेल तर डब्यावर २५ एक्सच लिहिणार, पण लांबचं जवळ आणण्यात तो ३० एक्सवाल्यापेक्षा फार कमी नाही, उलट रुंदीला मात्र मार खातो. म्हणून डब्यावरचा एक्स वाचू नका, एमएमचे (आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ) दोन आकडे विचारा, तेही 'इक्विव्हॅलंट' वाले, म्हणजे सगळे कॅमेरे एकाच मापात मोजलेले, कारण लेन्सवर कोरलेले आकडे वेगळेच असतात (४.३ ते १७२ वगैरे) आणि माणूस उगाच गोंधळतो.

एक सोपा हिशोब सांगतो, मी स्वतः हाच वापरतो. ३६०० ला एमएमनं भागायचं, येईल तो आकडा म्हणजे १०० मीटरवर तुमच्या फोटोत साधारण किती मीटर रुंदीचा भाग मावेल. २४ एमएमला १५० मीटर, म्हणजे आख्खा किल्ला. २०० ला १८ मीटर. ३६० ला १०. ७२० ला ५ मीटर आणि ९६० ला पावणेचार. आता नान्नजला माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात चला, आपल्या सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग पण काळवीट दिसतंच दिसतं, आणि ते तुम्हाला शंभर मीटरच्या आत काही येऊ देत नाही. काळवीट लांबीला साधारण सव्वा मीटर धरा. ९६० एमएमला ते फोटोचा तिसरा हिस्सा व्यापेल, ७२० ला चौथा हिस्सा, आणि २०० ला पंधरावा, म्हणजे गवतात एक तपकिरी ठिपका आणि घरी आल्यावर "हे बघ, हे ते काळवीट" असं बोट ठेवून दाखवायची वेळ. हा हिशोब दाजींना कागदावर करून दाखवला तेव्हा कुठं गाडी रुळावर आली, रेल्वेवाले असल्यामुळं आकड्यात लगेच रमले.

"मग ४० चाच घेतो की!" थांबा दाजी, थांबा.

एवढा लांब झूम एवढ्याश्या डबीत बसवायचा तर आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपून फोटो बनवणारी चिप, बारीक ठेवावा लागतो, त्याशिवाय लेन्स मावतच नाही. या खिशातल्या ३०-४० एक्सवाल्यांचा सेन्सर १/२.३ इंची म्हणतात तो असतो, प्रत्यक्षात करंगळीच्या नखाएवढा. दुसरा प्रकार १ इंची सेन्सरवाल्यांचा, त्याचं क्षेत्रफळ चौपट, म्हणजे संध्याकाळी, देवळाच्या मंडपात, महालाच्या आतल्या अंधाऱ्या दालनात चौपट उजेड गोळा होणार, पण झूम कमी. त्यात आणखी एक गोष्ट, पूर्ण झूम केला की लेन्सचा एफ आकडा वाढतो, आणि तो जेवढा मोठा तेवढा उजेड कमी, समजा एफ ३.३ वरनं एफ ६.९ वर गेला तर उजेड चौथाईपेक्षाही कमी उरतो. म्हणून भर दुपारी हा ४० एक्सवाला राजा असतो आणि दिवेलागणीला त्याच झूमवर फोटो असा येतो की जणू चादरीवर छापलाय, नुसते दाणे दाणे.

आता नावं घेऊन सांगतो. कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस, २४ ते ९६०, तीनशे ग्रॅमच्या आसपास, पण व्ह्यूफाइंडर (डोळ्याला लावून बघायची खिडकी) नाही, टच स्क्रीन नाही, रॉ फाईल (नंतर कॉम्प्युटरवर सुधारायचा कच्चा फोटो) नाही. सोनी एचएक्स९९, २४ ते ७२०, त्याच्याहून हलका आणि वर उचलला जाणारा छोटा व्ह्यूफाइंडर आहे. हे दोन्ही २०१८ चे. पॅनासॉनिक ल्युमिक्स टीझेड९९ हा २०२५ चा, हाही २४ ते ७२०, चार्जिंग टाइप सी, पण आधीच्या टीझेड९५ मध्ये असलेला व्ह्यूफाइंडर यात काढून टाकला, का काढला देव जाणे. १ इंची सेन्सरमध्ये पॅनासॉनिक टीझेड२००, २४ ते ३६०, आणि सोनी आरएक्स१०० मार्क ७, २४ ते २००. सोनीचा हा शेवटचा भारी आहे यात वादच नाही, फोकस तर विचारूच नका, पण किंमतही तशीच आणि २०० एमएम म्हणजे लांबच्या काळविटाला उपयोग नाही. हातातल्या महागड्या फोनात पाचपट लेन्स असेल तर ती १२० एमएमच्या आसपास असतेच. फोनवर '१०० एक्स' लिहितात ते सोडा, तो फोटो कापून मोठा केलेला असतो. कॅमेऱ्यातला डिजिटल झूमही तोच प्रकार, घेतल्या घेतल्या मेनूत जाऊन बंद करा.

माझं वैयक्तिक मत, ३६० वाला १ इंची हा खरा मधला रस्ता. ३६० ला काढलेला २० मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला तर ७२० सारखा दिसतो आणि ५ मेगापिक्सेल उरतात, व्हॉट्सॲपला आणि घरच्या अल्बमला भरपूर झाले. पण पक्षी हाच तुमचा विषय असेल, हिप्परगा तलावावर रविवारी बसणारे असाल, तर मग बारीक सेन्सर सहन करून लांब झूमच घ्या. निकॉन पी१००० वगैरे ३००० एमएमवाले आहेत, पण ते १४०० ग्रॅमच्या वर, गळ्यात अडकवून गडावर चढून दाखवा मग बोलू.

आता जे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं ते. आपलं ऊन. डांबरी रस्त्यावर दुपारी मृगजळ दिसतं ना, तीच थरथरती हवा तुमच्या आणि त्या काळविटाच्या मध्ये असते, आणि झूम जेवढा लांब तेवढी ती थरथरही मोठी होऊन फोटोत येते. मी एकदा एप्रिलमध्ये अकरा वाजता नान्नजला गेलो, घरी येऊन बघतो तर शंभरावर फोटो, एकाही काळविटाचं शिंग सरळ नाही, सगळी पाण्याखालून काढल्यासारखी. आधी वाटलं लेन्स बिघडली. दुसऱ्या आठवड्यात त्याच कॅमेऱ्यानं, त्याच जागेवरनं, सकाळी सव्वासहाला काढले तर पीळ न् पीळ मोजता येईल असे फोटो. दोन लाखाचा कॅमेरा आणला तरी ही हवा काही सरळ होत नाही. त्यामुळं लांब झूमचं काम उजाडल्यापासून फार तर नऊपर्यंत उरकायचं, नाहीतर थंडीत जायचं, आणि दुपारी तोच कॅमेरा रुंद करून नळदुर्गचा बुरूज नाहीतर गोल घुमट काढायचा, तिथं जवळ उभं राहिल्यावर २४ एमएमसुद्धा अपुरं वाटतं.

दुसरं, धूळ. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर संध्याकाळी किती फुफाटा उडतो ते सोलापूरकराला सांगायला नको. नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सगळं टिपायचं म्हणून मी माझा आधीचा कॅमेरा दिवसभर उघडाच वापरला. ही झूमची लेन्स पुढं-मागं होताना पिचकारीसारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळ. तिसऱ्या दिवशी चालू करताना आधी करकर आवाज आला, मग लेन्स अर्ध्यात अडकली आणि स्क्रीनवर 'लेन्स एरर'. दुरुस्तीवाल्यानं जो आकडा सांगितला त्यात जवळपास सेकंडहँड कॅमेरा आला असता. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून सेन्सर पुसता येतो, या छोट्यांचा नाही, आत गेलेला कण म्हणजे प्रत्येक फोटोतल्या आभाळात एक राखाडी डाग. तेव्हापासून नियम, फुफाट्यात असताना कॅमेरा झिपच्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी, फोटो काढला की लेन्स आत, आणि पुसायला शर्टाचं टोक अजिबात नाही, आधी रबरी ब्लोअरनं धूळ उडवायची मगच कापड. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते.

ऊन आलं की व्ह्यूफाइंडरचं महत्त्व पण कळतं. दुपारी मागच्या स्क्रीनवर स्वतःचं तोंडच दिसतं, काळवीट नाही. शिवाय डोळ्याला लावला की कॅमेरा कपाळाला टेकतो, हात हलत नाही, ७२० एमएमला हा टेकू फार मोलाचा. व्ह्यूफाइंडर नसेलच तर कोपरं बरगड्यांना चिकटवा, भिंतीला नाहीतर गाडीच्या काचेला टेका. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका, स्टॅबिलायझर तुमचा हात सांभाळतो, पळणारं जनावर नाही.

दुकानात जाल तेव्हा स्वतःचं कार्ड खिशात घालून जा. कॅमेरा हातात घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर या (दुकानदार कुरकुर करेल, करू दे), समोरच्या टोकाची लांबची पाटी रुंदला, मधल्या झूमला आणि पूर्ण झूमला अशी प्रत्येकी चार-पाचदा काढा. पूर्ण झूमला फोकस किती वेळा चुकला ते मोजा. मग जाणारी रिक्षा पकडून बघा, बटण दाबल्यावर फोटो लगेच येतो का रिक्षा निघून गेल्यावर. एका हातानं झूम फिरवा. झूम केल्यावर पक्षी हरवला तर क्षणभर मागं जाऊन परत त्याच झूमवर येणारं एक बटण काही मॉडेलमध्ये असतं, ते आहे का विचारा, नवशिक्याला त्याचा फार उपयोग. आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर चारही कोपरे बघा, एका बाजूचे पुसट आणि दुसरीकडचे ठीक असतील तर तो नग घेऊ नका.

बिलाचं बघा. माझ्या एका मित्राला मी फोन केला, "काय बे, काय करायलास?" तर म्हणे कॅमेरा घेऊन आलो, सात हजार स्वस्तात. बाहेरनं आणलेला माल निघाला, भारतातली वॉरंटीच नाही, सहा महिन्यात बटण गेलं तर कुणी हात लावायला तयार नाही. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर, आणि भारतातलं वॉरंटी कार्ड, तिन्हीपैकी एक जरी नसेल तर ते सात हजार वाचले असं समजू नका. जुना घेत असाल तर दहा वेळा चालू-बंद करा, करकर ऐका, मग पांढऱ्या भिंतीचा थोड्या झूमवर, एफ ८ ला फोटो काढून डाग शोधा.

बॅटरी या छोट्यांची अडीचशे-तीनशे फोटोतच बसते, व्हिडिओ काढला तर आणखी लवकर, म्हणून एक जादा घ्याच. कार्ड फोर-के व्हिडिओसाठी व्ही३० वालं (हा कार्डावर छापलेला वेगाचा शिक्का), आणि एक मोठं घेण्यापेक्षा मध्यम दोन, एक हरवलं तर निम्मी टूर तरी वाचते.

दाजींचं म्हणाल तर किल्ले, महाल, ताईचे फोटो आणि एक दिवस रणथंबोर एवढी यादी निघाली, म्हणजे बारातले अकरा दिवस रुंद आणि अंधारी दालनं, एकच दिवस लांबचं. त्यामुळं ३६० वाला १ इंची घेतला. टूर तीन आठवड्यांवर होती तर मी सांगितलं, रोज सकाळी कंबर तलावावर जाऊन पन्नास फोटो काढा, उगाच वाघासमोर मेनू शोधत बसाल. जातात आता नेमानं, कानटोपी घालून. पहिल्या दिवशी पाठवलेल्या बगळ्याला डोकं नव्हतं, चौथ्या दिवशी डोकं होतं पण पाय नव्हते, काल आख्खा आला, खाली ताईचा मेसेज, "माझा एक तरी काढायला सांग यांना."